अजून एक डबा आहे

इंग्रजी सिनेमा मला अगदी पुरता कळतो. फक्त कुणीतरी पडद्याशेजारी उभं राहून तो मराठीत सांगायला हवा, आणि सांगणाऱ्या सरूआत्या आता राहिल्या नाहीत, त्यामुळे सध्या काहीच कळत नाही.

मी चौथी नापास. देवासला कारखाने निघाले तेव्हा आमच्या जळगावकडची बरीच पोरं इकडे आली, त्यात मीपण. बाकीच्यांना मशीनवर घेतलं, मला मशीन पुसायला. कारखान्यात एक लहानसं सिनेमाचं मशीन होतं. पट्ट्यात हात घालू नका, टोपी घाला, असल्या फिल्मा कामगारांना दाखवायचे. ते चालवणारा बाबू एकदा लग्नाला गेला आणि साहेबांनी विचारलं, "कौन चलाएगा?" सगळे खाली बघायला लागले. माझं लक्ष खिडकीबाहेर होतं, त्यामुळे साहेबांची नजर माझ्यावरच पडली. अशी माझी निवड झाली.

आमच्या मराठी मंडळात गणपतीत दरवर्षी नाटक व्हायचं. एका वर्षी बाईचं काम करणारा जोशी मिशा काढायला तयार होईना, म्हणून नाटकाऐवजी सिनेमा ठरला. इंदूरला काही जुन्या सिनेमांची शौकीन मंडळी होती, त्यांच्याकडून डबे आणले. फुकट मिळतंय म्हटल्यावर आत काय आहे ते कुणी विचारलंच नाही. मी पांढऱ्या चादरीवर सिनेमा लावला. टोपीवाले गोरे लोक तोंडं हलवतायत, आवाज नाही. मागून मालवी पोरं ओरडायला लागली, "भिया, आवाज नी अइ रियो." माझी घाबरगुंडी उडाली. मी स्पीकर उघडला. तार काढली, तार घातली, दातात धरली. तेवढ्यात असा झटका बसला की मी मंडपाच्या खांबाला जाऊन चिकटलो.

बायकांच्या बाजूने एक म्हातारी उठली. नऊवारी, मनगटावर पुरुषाचं मोठं घड्याळ. सावकाश चालत आली आणि मला म्हणाली, "त्या सिनेमाला आवाजच नाही. फार जुना आहे. तू तिथून उठ, मरशील."

मग ती पडद्याशेजारी जाऊन उभी राहिली, कनवटीची खडीसाखर तोंडात टाकली, ती विरघळेपर्यंत थांबली आणि म्हणाली, "आता बाई खिडकीत येते. आता साहेब घोड्यावरून उतरतो. बाईला तो आवडत नाही, पण तिच्या बापाला आवडतो."

पोरं गप्प झाली. मीपण गप्प झालो, पण माझं काय, जिभेला अजून मुंग्या येत होत्या.

त्या सरूआत्या. देवास संस्थान होतं तेव्हा त्यांचे वडील राजवाड्यात कारकून होते. वाड्यावर विलायती सिनेमे यायचे. पुरुष पुढे बसायचे, बायका चिकाच्या, म्हणजे बांबूच्या काड्यांच्या, पडद्यामागे. मध्ये मध्ये इंग्रजी अक्षरं यायची ती बायकांना वाचता येत नसत, म्हणून वडिलांनी चिकाशेजारी उभं राहून मराठीत सांगायचं, हे त्यांचं जादा काम. सरूआत्या लहान होत्या, वडिलांचं धोतर धरून उभ्या राहायच्या. पुढे शिकल्या, मुलींच्या शाळेत मास्तरीण झाल्या, लवकर विधवा झाल्या, रिटायर झाल्या. संस्थान गेलं, चीक गेला, सांगणं तेवढं राहिलं.

त्यांचा एकच नियम होता. "पडद्यावर आहे तेवढंच सांगायचं. घरचं घालायचं नाही."

हा नियम वडिलांचा. एकदा वाड्यावर साहेब बाईला जवळ घेऊन चुंबन घ्यायला लागला. वडिलांना लाज वाटली. ते म्हणाले, "आता साहेब बाईच्या कानात निरोप सांगतात." चिकामागून एक राणीसाहेब म्हणाल्या, "निरोप बराच लांब दिसतो." सगळा वाडा हसला. वडील घरी येऊन जेवले नाहीत. त्या दिवसापासून पडद्यावर दिसेल ते, दिसेल त्या क्रमाने, एवढंच.

आत्यांनी तो नियम असा पाळला की आमच्या मंडळात शेजारी सहपरिवार बसलेले असताना त्या सपाट आवाजात सांगायच्या, "आता साहेब बाईचं चुंबन घेतो. पोरांनी डोळे मिटावेत. मिटणार नाहीत, तरी मी सांगितलं." आवाज बदलायचा नाही, रडायचं नाही, हातवारे नाहीत. गोऱ्या लोकांची नावंसुद्धा सांगायच्या नाहीत. बाई, साहेब, पोरगं, दुसरा साहेब. तेवढ्यावर सगळा सिनेमा उभा राहायचा. आणि खडीसाखर तोंडात असेपर्यंत त्या कुणाशी एक शब्द बोलायच्या नाहीत. घर पेटलं असतं तरी आधी विरघळू दिली असती.

सवय एवढी जडली होती की सिनेमा नसतानाही सांगायच्या. लग्नाच्या पंगतीत शेजारच्या बाईला हळूच, "आता वरमाय रुसते. आता तिला जिलबी देतात." मी त्यांच्या घरी काही दुरुस्तीला गेलो की म्हणायच्या, "आता बबन पाना शोधतो. पाना त्याच्या खिशात आहे." आणि असायचा.

माझ्या मराठीवर त्यांचा डोळा होता. मी म्हणायचो, "आत्या, मशीन चालू करून देऊ?" त्या म्हणायच्या, "करून देऊ नकोस. कर. नुसतं कर."

एकदा लोहारद्याला गेलो होतो. तिथल्या कुणाच्या तरी घरी मोठं कार्य होतं, सगळा बाजार लोटला होता. पडद्यावरची बाई नदीत उडी मारायला निघाली आणि लाइट गेली. अंधार. लोक म्हणाले, "बई, आगे कई हुयो? तमने तो मालम है." आत्यांना पुढचं सगळं माहीत होतं, सिनेमा आम्ही देवासला आधी लावून बघितला होता. त्या म्हणाल्या, "पडद्यावर येईल तेव्हा सांगेन." लोक विनवायला लागले. एक म्हातारा पाटीदार तर पाया पडायला निघाला. आत्या खुर्चीवर बसून राहिल्या. मी शेवटी अंधारात हळूच एकाला सांगितलं, बाई वाचते. त्याने दुसऱ्याला सांगितलं. लाइट आली तेव्हा लोक उठून घरी गेलेले. आत्या मला म्हणाल्या, "बघ. आता बाईला वाचताना कोणी बघणार नाही." तीन दिवस मला चहा दिला नाही.

एवढं सगळं सांगितलं ते धारचं सांगण्यासाठी.

आत्यांच्या भावाची मुलगी शालन. आईबाप नव्हते, आत्यांनीच वाढवली. धारला दिली होती. सासरे बापूसाहेब, तेही जुन्या संस्थानी घराण्यातले, तिथल्या मराठी मंडळाचे अध्यक्ष. नवरा वसंत, चांगला माणूस, पण वडिलांसमोर उभा राहिला की नुसता कोटाचा हँगर. त्यांना एक मुलगा, नंदू.

शालन अमझेऱ्याच्या देवळात दर्शनाला गेली होती. तिथे तिच्या कॉलेजातला एक जण भेटला. पायरीवर उभं राहून दोघं बोलली. बस. कुणीतरी येऊन बापूसाहेबांना सांगितलं, आणि सांगणाऱ्याने पायरीवर उभ्याचं बसलेलं केलं, बोलल्याचं हसलेलं केलं. बापूसाहेबांनी सुनेला देवासच्या बसमध्ये बसवून दिलं. नंदूला ठेवून घेतलं. चार वर्षांचं पोर.

शालन देवासला आली ती भाकरी करायची, केर काढायची, आणि नंदूच्या मापाचे सदरे शिवायची. दर सदरा आधीच्यापेक्षा जरा मोठा. पाठवला की परत यायचा. मी एकदा गंमत करायला गेलो, म्हटलं, वहिनी, मला एक शिवा. ती रडायला लागली. आत्या म्हणाल्या, "आता बबन जातो." मी गेलो.

पावसाळा सरत आला तेव्हा धारहून निरोप आला. गणपतीत मंडळात सिनेमा ठेवलाय, आत्यांनी येऊन सांगावा. सिनेमा कुठला तेही बापूसाहेबांनीच ठरवलं होतं. आणि शालनला घेऊन या. सिनेमा संपल्यावर सगळ्या मंडळींसमोर तिने बापूसाहेबांच्या पायावर डोकं ठेवून 'चुकले' म्हणावं. मग घरात घेऊ. मग मुलगा मिळेल.

डबे इंदूरहून मी आणले. चार होते, वरच्या चिठ्ठ्या कधीच्या उखडलेल्या. कारखान्याच्या कँटीनच्या भिंतीवर लावून बघितले. अमेरिकेत फार पूर्वी काढलेला सिनेमा. पहिल्या डब्यात बाई, साहेब आणि त्यांचं पोरगं, मोठं घर. दुसऱ्यात बाई एका दुसऱ्या साहेबाशी बागेत बोलते आणि लोक कुजबुजतात. तिसऱ्यात साहेब तिला बर्फात घराबाहेर काढतो, दार लावतो, पोरगं खिडकीच्या काचेवर हात मारतं. चौथ्यात पुन्हा बर्फ, बाई फाटक्या शालीत परत येते, पायरीवर गुडघे टेकून माफी मागते, साहेब तिला उठवतो, पोरगं बिलगतं. संपलं.

मी डोळे पुसले. मला कुठल्याही सिनेमात रडू येतं, टोपी घाला वाल्या फिल्ममध्येसुद्धा आलं होतं. आत्या कोरड्या बसल्या होत्या.

"शेवट बदललाय यांनी," त्या म्हणाल्या.

"कुणी?"

"सिनेमावाल्यांनी. ही मोठी गाजलेली कादंबरी आहे. वाड्यावरच्या पुस्तकांत होती, मी वाचली आहे. त्यात बाई परत जात नाही. शिवणकाम करते. पोरगं मोठं होऊन तिला शोधत येतं. गुडघे टेकत नाही ती, कुठेही. या लोकांनी बागेपर्यंत पुस्तक घेतलं आणि पुढे आपलं घातलं."

आता कळलं बापूसाहेबांनी हाच का निवडला. त्यांनी इंदूरला बघितला असणार. दीडशे माणसांसमोर आधी पडद्यावरची बाई गुडघे टेकणार, मग खालची.

मी म्हटलं, "आत्या, सांगणार तुम्ही. अक्षरं कुणाला वाचता येतात? तुम्ही म्हणा, साहेबच माफी मागतो. कोण बघायला येतंय."

"मी येते."

"पण शालनवहिनीसाठी..."

"माझे वडील एकदा खोटं बोलले, बबन. चिकामागच्या बायकांनी पुढे त्यांचं काहीच खरं मानलं नाही. खरं सांगितलं तरी हसायच्या."

शालन दारात उभी होती. म्हणाली, "आत्या, काही बदलू नकोस. मी पडणार पाया. माझं पोर आहे तिथे."

"पड," आत्या म्हणाल्या. "डोकं तुझं आहे. मी सिनेमा सांगेन."

आणि उठून गेल्या. पण त्या रात्री त्यांच्या घरी कुणी कुणाशी बोललं नाही, हे मला माझ्या बायकोने, कुसुमने सांगितलं. ती भाजी द्यायला गेली होती आणि भाजी घेऊन परत आली.

डब्यांच्या क्रमाची व्यवस्था मी केली. डबे परत द्यायचे होते, रंग लावता येत नव्हता. मी कुंकू कालवलं आणि आत्यांना विचारून पहिल्या डब्यावर एक टिकली, दुसऱ्यावर दोन, तिसऱ्यावर तीन, चौथ्यावर चार. पुसलं की गेलं. आयुष्यात मी एवढीच एक हुशारी केली आहे, आणि तीही नीट गेली नाही.

धारला पोचलो, कुसुमही बरोबर होती. बापूसाहेब उंच, पांढरी टोपी, हातात चांदीच्या मुठीची काठी. शालनकडे बघितलं नाही. नंदू त्यांच्या कोटाला धरून उभा होता. शालनने त्याच्याकडे हात केला, तो काठीमागे गेला. तिने हात तसाच ठेवला, मग पदर सारखा करायचा म्हणून खाली आणला.

माझी मात्र चैन होती. मंडळातले लोक मला "ऑपरेटरसाहेब" म्हणायला लागले. खुर्ची दिली. एकाने पान दिलं. एक म्हणाला, "ऑपरेटरसाहेब, हे विलायती मशीन फार डोक्याचं काम असेल." मी म्हटलं, "असतंच." पान मला चालत नाही, तरी खाल्लं, आणि बाजूच्या खोलीत मशीनचं सामान ठेवून मंडपात साहेबासारखा फिरत राहिलो.

आरती झाली. दिवे मालवायच्या आधी मी खोलीत डबे आणायला गेलो. चारही डबे चकचकीत. प्रत्येकावर मधोमध एकच ठसठशीत टिकली, वर हळद, वर अक्षता, मशीनच्या नाकावर जास्वंदीचं फूल.

कुसुम तबक घेऊन उभी होती. प्रसन्न दिसत होती. दसऱ्याला कारखान्यात मशीनची पूजा करतात, तशी तिने केली होती.

"टिकल्या होत्या यांच्यावर," मी म्हटलं.

"होत्या. शिळ्या होत्या. ओल्या फडक्याने पुसल्या. शिळ्या कुंकवावर पूजा करतात का?"

आता शहाणा माणूस काय करेल? आत्या दहा पावलांवर पडद्याशेजारी उभ्या होत्या. जाऊन विचारायचं, आत्या, क्रम सांगा. पण सगळा मंडप माझ्याकडे बघत होता आणि मगाचा तो पानवाला ओरडला, "चला ऑपरेटरसाहेब, होऊ द्या सुरू." मी म्हटलं, होऊ दे. फिल्मची पट्टी दिव्यासमोर धरून बघितली. पहिला ओळखला, त्यात नावं होती. दुसरा ओळखला, बाग होती. उरलेल्या दोन्हींत बर्फ. मी एक उचलला आणि गणपतीकडे बघून म्हटलं, तूच काय ते बघ.

पहिला डबा चांगला गेला. आत्यांचा आवाज नेहमीसारखा. "आता बाई पोराला झोपवते. आता साहेब दिवा घेऊन येतो." दुसरा डबा बागेचा. "आता बाई दुसऱ्या साहेबाशी बोलते. बोलते आहे. दुसरं काही करत नाही." मंडपात चुळबुळ झाली. बायकांत शालन बसली होती, तिच्या अवतीभवती जागा रिकामी होती, जशी ओल्या भिंतीजवळ सोडतात. बापूसाहेब पुढच्या खुर्चीवर, मांडीवर काठी आडवी. शेजारी नंदू. नंदूच्या पलीकडे वसंत.

तिसरा डबा लावला. बर्फ. फाटकी शाल.

फाटकी शाल दिसली आणि मला कळलं. हा शेवटचा. आत्यांनी मान वळवून पडद्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी हात जोडले. एक शब्द त्यांनी बोलायचा होता, "थांबव." मी थांबवलं असतं.

"आता बाई परत येते," आत्या म्हणाल्या. "शाल फाटली आहे. आता ती दार वाजवते. आता गुडघे टेकते. माफी मागते. आता साहेब तिला उठवतो. आता पोरगं आईला बिलगतं."

बायका रडल्या. पडद्यावर ती अक्षरं आली जी हिंदी सिनेमातही येतात, जी मलासुद्धा ओळखता येतात. खेळ खलास. पडदा पांढरा झाला. लोक टाळ्या वाजवत उठायला लागले. कुणाला काही खटकलं नाही, बाई परत आली म्हणजे मध्ये कधीतरी गेली असेल.

बापूसाहेबांनी काठी टेकली आणि उभे राहिले. मंडपाकडे तोंड केलं. पाय जरासे पुढे सरकवले. मी ते बघितलं, चपला काढून ठेवल्या होत्या.

शालन उठली. बायकांनी तिला वाट करून दिली. एवढ्या माणसांत तिच्या बांगड्यांचा आवाज मला ऐकू आला.

"बसा," आत्या म्हणाल्या.

सगळे थबकले.

"बसा सगळे. अजून एक डबा आहे."

"सिनेमा संपला, बाई," बापूसाहेब म्हणाले.

"मशीनवाल्याच्या हातात डबा आहे. डबा आहे तोवर सिनेमा आहे. बबन, कर."

माझ्या हातात खरंच डबा होता. मी तो लावला. पट्टी दोनदा निसटली. लोक बसले. शालन जिथे होती तिथेच, मधल्या वाटेत, खाली बसली.

"आता साहेब रागावतो," आत्या म्हणाल्या. तोच सपाट आवाज. "आता तो बाईचा दंड धरतो. बाई काही सांगते, तो ऐकत नाही. आता तिला बाहेर ढकलतो. बाहेर बर्फ आहे. आता दार लावतो. कडी घालतो."

मागून एका म्हातारीचा आवाज आला, "अगंबाई, माफी मागितली ना तिने?"

"मागितली. तुम्ही बघितलीत," आत्या म्हणाल्या. "गुडघे टेकले. तेही बघितलंत. आता ही बाहेर आहे. पडद्यावर आहे ते मी सांगते."

बापूसाहेबांची काठी एकदा आपटली.

"आता पोरगं खिडकीत येतं. काचेवर हात मारतं. आवाज येत नाही. बाई चालते आहे. मागे बघत नाही." आत्या थांबल्या. एवढ्या वर्षांत मी त्यांना सिनेमाच्या मध्ये थांबताना बघितलं नव्हतं. "आता बघते."

पट्टी संपली. चाक रिकामं फिरायला लागलं, पट्टीचं टोक फटफट आपटत होतं. दिवा लावायचं मला सुचेना. पडद्याचा पांढरा उजेड सगळ्यांच्या तोंडावर पडला आणि त्या उजेडात दिसलं, बापूसाहेबांच्या शेजारची खुर्ची रिकामी आहे. नंदू मधल्या वाटेत आईच्या मांडीत होता. कधी गेला कुणी बघितलं नाही. तोंड तिच्या खांद्यात खुपसलेलं आणि दोन्ही हातांनी पाठीवर हळूहळू मारत होता, काचेवर मारावं तसं.

बापूसाहेब शिकलेला माणूस. त्यांनी ओळखलं. "हे डबे उलटे लागलेत," ते म्हणाले. "हा शेवट नाही."

"इथे हाच शेवट झाला," आत्या म्हणाल्या. "मी लावत नाही, मी सांगते."

ते माझ्याकडे वळले. "काय हो ऑपरेटर. डबा चुकला का?"

सगळा मंडप माझ्याकडे. साहेब म्हणायचं तर कधीच बंद झालं होतं. हो म्हटलं तर संपलं, पुन्हा सरळ लावा म्हणतील, शालन पुन्हा उठेल. नाही म्हटलं तर आत्यांसमोर खोटं. मी म्हटलं, "साहेब, मला वाचता येत नाही."

कुणीतरी हसलं. मग बरेच हसले. आयुष्यभर लोक मला हसले आहेत, पण त्या दिवशी मला वाटलं, हसा, अजून हसा, जोवर हसताय तोवर कुणी त्या पोराला ओढणार नाही.

बापूसाहेब काठी घेऊन निघालेच होते पोराकडे. वसंत मध्ये उभा राहिला. तो काही शूरबिर नव्हता, चेहरा पांढराफटक पडला होता. म्हणाला, "राहू द्या त्याला तिच्याजवळ." वडील म्हणाले, "काय?" वसंत पुन्हा म्हणाला, तेच, त्याहून हळू.

एवढंच. काही मोठं झालं नाही. सकाळी आम्ही देवासला परत आलो, नंदू बरोबर होता, चार दिवसांसाठी म्हणून. ते चार दिवस बरेच लांबले. पुढे वसंत देवासला यायचा, आधी रविवारी, मग बदली घेऊनच आला. बापूसाहेब कधी आले नाहीत. शालनने पायावर डोकं ठेवलं नाही, त्यांनी दार उघडलं नाही, आणि दोघंही आपल्या जागी राहिली.

आत्यांनी त्यानंतर सिनेमा सांगितला नाही. घसा दुखतो म्हणाल्या. मी फार वेळा विचारलं, घसाच.

पुढे घरोघरी टीव्ही आले. गोरे लोक परत आले, आता आवाजासकट, तरी मला कळेनात. आत्या तेव्हा अंथरुणाला लागल्या होत्या. त्यांची खाट खिडकीशी होती. मी गेलो तेव्हा त्या बाहेर बघत होत्या, आवाज बारीक झाला होता, पण चालू होता. "आता दूधवाला येतो. आता नंदू सायकल काढतो. शर्ट त्याला आखूड होतो आहे."

मी स्टूल ओढून बसलो. बरेच दिवस मनात होतं ते बोललो. म्हटलं, "आत्या, काही म्हणा, त्या दिवशी माझ्याच चुकीने वहिनीचं भलं झालं. मी डबा चुकलो नसतो तर?"

त्यांनी खिडकीतून नजर काढली नाही. "कुसुम डबे पुसत होती तेव्हा मी त्याच खोलीत ट्रंकेवर बसले होते."

"मग बोलला का नाहीत?"

"तोंडात खडीसाखर होती."

"आणि मी येऊन विचारलं असतं, आत्या, क्रम काय, तर?"

त्यांनी मान वळवून मला नीट बघितलं, जसं त्या दिवशी फाटकी शाल आल्यावर बघितलं होतं.

"तू? चार माणसांनी साहेब म्हटल्यावर तू विचारणार होतास?"